ओटीपोटातील कळ : कारणे आणि काळजी

मागील सहामाही परीक्षेच्या वेळी आठवीच्या वर्गातील एक मुलगी गणिताचा पेपर अर्धवट टाकून बाकावर डोके ठेवून बसली. पर्यवेक्षक बाईंनी विचारले, तर "बाई, पोटात दुखायलंय" एवढेच म्हणाली. आम्ही तिला कार्यालयात आणून बसविले, ओवा-मीठ दिले, शिपायाला पाठवून लिंबू-सोडा मागविला आणि मनाशी दोन अंदाज बांधून मोकळे झालो. एक तर गणिताची भीती, नाही तर ‘मुलींचे नेहमीचे’. दुपारी आई येऊन तिला घेऊन गेली. घरी उलट्या सुरू झाल्या, रात्री ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली. मुलगी आज ठणठणीत आहे आणि हा प्रसंग नाव न घेता लिहावयास तिच्या आईने आनंदाने परवानगी दिली आहे. परंतु चूक आमची होती. बेंबीजवळ सुरू झालेले दुखणे काही तासांत सरकत उजव्या बाजूला खाली गेले, चालताना तिला वाकावे लागत होते, ही लक्षणे आमच्या डोळ्यांसमोर होती. ती पाहण्याऐवजी आम्ही सोडा पाजला. शस्त्रक्रियेची शक्यता असेल तेव्हा तोंडाने काहीही देऊ नये, हेही आम्हांस नंतर डॉक्टरांकडून कळले.

म्हणून या अंकातील आमचे हे पान निकालाच्या टक्केवारीऐवजी या विषयाला देत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. वाचून, परिचयातील डॉक्टरांना विचारून जे समजले ते विद्यार्थिनी, त्यांच्या माता आणि (हो, मुद्दाम लिहितो) त्यांचे वडील व आमचे विश्वस्त यांच्यासाठी मांडत आहोत.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे पोटाच्या या खालच्या भागाला ‘पेडू’ म्हणतात. मराठीत आपण ओटीपोट म्हणतो, शेजारच्या कन्नड भगिनी किब्बोट्टे म्हणतात. आपल्या सीमाभागात तीन-तीन भाषांत शब्द असूनही घरात तो कोणी उच्चारीत नाही. "कंबर धरलीय", "अंग मोडून आलंय", "जरा बरं नाही" असे आडवळणाने सांगितले जाते. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर कन्नड बोलणारे निघाले तर तेवढेही सांगता येत नाही आणि बाई पित्ताची गोळी घेऊन परत येते. मुलींनो, नेमके कुठे दुखते हे बोट ठेवून दाखविता आले तरी अर्धे काम होते. दुखणे कधी सुरू झाले, कळ येऊन जाते की सतत ठणकते, पाळीशी त्याचा संबंध आहे का, लघवीला किंवा शौचाला त्रास होतो का, एवढ्या चार गोष्टी सांगितल्या की डॉक्टरांना दिशा मिळते.

दिशा मिळणे अवघड का असते, तेही समजून घ्यावे. ओटीपोटात फार दाटीवाटीने अवयव आहेत. सर्वांत पुढे मूत्राशय, त्याच्या मागे गर्भाशय, त्याच्या दोन बाजूंना दोन नळ्या व दोन बीजकोश, त्यामागे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, उजवीकडे अपेंडिक्स, आणि मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नलिका. जुन्या वाड्यात एका खोलीत भांडण झाले तरी आवाज नेमका कोणत्या खोलीतून आला हे अंगणात उभ्या असलेल्याला कळत नाही, तसे येथे होते. म्हणून ‘बाईचे पोट दुखते म्हणजे पिशवीचाच दोष’ हे आपल्याकडचे गृहीतक मुळातच चुकीचे आहे.

आता पाळीच्या दुखण्याकडे येऊ. पाळी येते तेव्हा गर्भाशयाचे आतले अस्तर सुटते. त्याच वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो. ज्या मुलीत ही द्रव्ये जास्त, तिला कळा जास्त. कंबर व मांड्या दुखणे, मळमळणे, जुलाब होणे हेही त्यातूनच येते. म्हणजे हे दुखणे मनाचे खेळ नव्हेत व लाडावल्याचे लक्षण तर नव्हेच. पहिले एक-दोन दिवस असा त्रास पुष्कळ मुलींना होतो. गरम पाण्याची पिशवी पोटावर धरल्याने खरोखर आराम पडतो, थोडे चालणे-फिरणेही उपयोगी पडते. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी कळा असह्य होईपर्यंत थांबून घेण्यापेक्षा सुरुवातीलाच, काही खाऊन, घेतली तर अधिक गुण येतो, कारण ती ही द्रव्ये तयार होण्यावरच रोख लावते. मात्र दमा, पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी अशा गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि शेजारच्या काकींना लागू पडली म्हणून मुलीला देऊ नये. पाळीत गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही, असा एक समज आमच्या पालक सभेत एका आजींनी मोठ्या खात्रीने सांगितला. तो खरा नाही.

मग काळजी कधी करावी? दर महिन्याला शाळा बुडू लागली, गोळीनेही गुण येईना, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालू लागला, तासा-दोन तासाला कापड किंवा पॅड भिजू लागले, पाळी नसतानाही दुखू लागले, किंवा पूर्वी न दुखणारी पाळी वयाच्या पंचविशी-तिशीत अचानक दुखू लागली, तर ते ‘नेहमीचे’ नव्हे. आणखी एक प्रकार मातांनी आवर्जून लक्षात ठेवावा. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली, शरीराची वाढ नीट आहे, पाळी मात्र आलेली नाही आणि तरी दर महिन्याला चार-पाच दिवस ओटीपोट दुखते. अशा वेळी कधी कधी पाळी आत सुरू झालेली असते, परंतु योनिमार्गाच्या तोंडाशी जन्मतःच पडदा पूर्ण बंद असल्याने रक्त बाहेर येत नाही व साचत राहते. लहानशा शस्त्रक्रियेने हे दुरुस्त होते. लपवून ठेवले तर मात्र त्रास वाढतो. यात मुलीचा अथवा घराण्याचा काहीही दोष नाही.

एंडोमेट्रिओसिस हे नाव दहा-पंधरा वर्षांपूर्वी आम्हीही ऐकले नव्हते. गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर, आतड्याच्या बाहेरच्या बाजूस वाढते आणि दर महिन्याला तेथे सूज येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळी येण्याच्या वयातील सुमारे दहा टक्के स्त्रिया व मुलींना हा विकार असतो. साध्या सोनोग्राफीत तो प्रत्येक वेळी दिसत नाही, त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे, नाटकं करतेय" हे वाक्य या रुग्णांना फार ऐकावे लागते. आमची एक माजी विद्यार्थिनी गेल्या वर्षी भेटावयास आली होती. लग्नानंतर, कित्येक वर्षांच्या त्रासानंतर तिचे निदान झाले. नववीत असताना ती दर महिन्याला रजेचा अर्ज आणीत असे आणि "सगळ्याजणींचंच दुखतं, तू एकटीच का राहतेस घरी?" असे तिला आम्हीच विचारले होते. तिने हे हसत हसत सांगितले. आम्हांस मात्र हसता आले नाही.

दोन पाळ्यांच्या मधोमध एका बाजूला दिवसभर बारीक दुखते, ते बहुधा बीज बाहेर पडण्याचे असते व त्यात भिण्यासारखे काही नाही. बीजकोशावर पाण्याच्या लहान गाठी होतात, त्याही बऱ्याच वेळा आपोआप विरघळतात. सोनोग्राफीत ‘सिस्ट’ हा शब्द वाचून लगेच रडारड करू नये. परंतु गाठीमुळे कधी बीजकोशाला पीळ बसतो. एका बाजूला एकाएकी तीव्र कळ येते, सोबत उलट्या होतात. तेव्हा ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ म्हणू नये. पीळ वेळेवर सोडविला तर बीजकोश वाचतो आणि येथे हिशेब तासांचा असतो.

यानंतर जो विषय, तो आमच्या विश्वस्तांनी जरा लक्षपूर्वक वाचावा. लघवी करताना जळजळ, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे आणि ओटीपोटात दुखणे, ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणे. स्त्रीचा मूत्रमार्ग पुरुषापेक्षा आखूड असल्याने जंतू लवकर वर चढतात. साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. पाणी कमी पिणे व लघवी तासन्‌तास तुंबवून ठेवणे यांमुळे तो वाढतो. आणि आपल्या मुली काय करतात? सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत, कारण शाळेत जावे लागू नये. आम्ही मोठ्या मुलींना एकेकटीने विचारले तेव्हा कारणे ऐकून मान खाली गेली. एका संडासाची कडी लागत नाही. दुसऱ्यात नळाला दुपारनंतर पाणी नसते. पॅड टाकावयास डबा नाही, म्हणून पाळीच्या दिवसांत त्या दिवसभर बदलतच नाहीत. शौचाचेही असेच. दाबून ठेवल्याने बद्धकोष्ठ होतो आणि मुलींच्या पोटदुखीचे ते एक अगदी साधे, पण फार आढळणारे कारण आहे. लघवीबरोबर ताप, थंडी व पाठीत बरगडीखाली दुखू लागले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मातांचीही गोष्ट वेगळी नाही. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या, घरी सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या, बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या कित्येक भगिनी सकाळचे पाणी संध्याकाळी पितात. एकाच बैठकीने कंबर व ओटीपोटाचे स्नायू आखडतात ते निराळेच.

अंगावरून पांढरे जाणे ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात आहे. थोडा, बिनवासाचा स्राव स्वाभाविक असतो. त्याला घाण वास येऊ लागला, रंग बदलला, खाज सुटली आणि ओटीपोटात दुखून ताप येऊ लागला तर तो संसर्ग होय. गर्भपात किंवा बाळंतपण अस्वच्छ रीतीने झाले तर, अथवा पतीकडून संसर्ग आला तर, तो गर्भाशय व नळ्यांपर्यंत पसरतो. मग नळ्या चिकटून पुढे मूल राहण्यास अडचण येते. उपचार पती-पत्नी दोघांनी एकाच वेळी घ्यावयाचे असतात. एकट्या बाईला गोळ्या देऊन काहीच साधत नाही. आपल्या देशात क्षयरोगही गर्भाशय व नळ्यांना होतो, खोकला नसतानाही होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य आहेत.

विवाहित स्त्रीची पाळी चुकली आहे आणि एका बाजूला दुखत आहे, थोडा रक्तस्राव दिसतो आहे, चक्कर येते आहे, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असण्याची शक्यता असते. शंभर गर्भधारणांत एक-दोन वेळा असे होते. नळी फुटली तर पोटात रक्त साचून जीव जाऊ शकतो. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे म्हणून ‘ते शक्यच नाही’ असेही समजू नये. क्वचित ती शस्त्रक्रिया फसते, आणि फसली तर गर्भ नळीत राहण्याचा संभव अधिक.

चाळिशीच्या आसपास गर्भाशयातील साध्या गाठींमुळे पोट जड वाटणे, रक्त जास्त जाणे हे फार आढळते. या गाठी बहुतेक कर्करोगाच्या नसतात आणि त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवणेही पुरते. बाळंतपणानंतर सव्वा महिनाही न थांबता घागरी, लाकडाच्या मोळ्या उचलणाऱ्या बायकांचे अंग बाहेर येते. त्या ते कोणालाही सांगत नाहीत, सुनेलाही नाही. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, किंवा कित्येक आठवडे पोट सारखे फुगलेले वाटणे व दोन घासांत भरणे, यांकडे पन्नाशीपुढच्या कोणीही दुर्लक्ष करू नये. मुतखडा, जंत, आव ही स्त्री-पुरुषांना समान असलेली कारणे येथे विस्ताराने सांगत नाही.

हे सर्व लिहिण्यामागचे खरे कारण आता सांगतो. १९८० च्या दशकात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोपर्यंत खेड्यातील बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच विचार जगभर होत असे. दुखणे होते, पण कोणी विचारले नव्हते म्हणून ते कागदावर नव्हते.

दुसरी हकिगत अधिक जवळची आहे. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आपल्या भागातील कारखान्यांवर येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, पोरे, शेळ्या. फडाच्या कडेला खोपी. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, त्याची मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस खाडा पडला की दंड. फडात ना पाणी, ना आडोसा. २०१९ मध्ये यातील स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. महाराष्ट्र शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांचे सर्वेक्षण झाले, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. पांढरे जाते, पोट दुखते, खाडा परवडत नाही, आणि कोणी तरी सांगते, "पिशवीला कॅन्सर होईल, काढून टाका." गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग अनेकींच्या बाबतीत शस्त्रक्रियेने ‘संपविला’ गेला. दुखणे पुष्कळ वेळा तसेच राहिले, कारण ते पिशवीचे नव्हतेच.

आपल्या पालकांत हे घडत नाही असे कोणी समजू नये. "दोन मुलं झाली, आता पिशवीचा काय उपयोग?" हे वाक्य आम्ही याच गावात ऐकले आहे. तिशीत गर्भाशय काढले तर पाळी जाण्याचे वय अलीकडे येऊ शकते. बीजकोशही काढले तर ते लगेचच येते, आणि हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका हे मागोमाग येतात. शस्त्रक्रिया काही वेळा खरोखर आवश्यक असते, तिला आंधळा विरोध नको. पण डॉक्टरांना विचारावे : नेमका आजार कोणता? औषधाने काय होईल? बीजकोश ठेवणार की काढणार? थांबलो तर धोका काय? आणि तातडीची गरज नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश दिला आहे.

वडील मंडळींना एक विनंती. दवाखान्यात बायकोच्या वतीने तुम्हीच उत्तरे देऊ नका. तिला बोलू द्या, आणि ती आत असताना रिक्षा थांबली आहे म्हणून घाई करू नका.

लगेच रुग्णालयात न्यावे अशी लक्षणे पुन्हा एकत्र सांगतो : एकाएकी आलेली असह्य कळ, पोट लाकडासारखे कडक होणे, सतत उलट्या, ताप, चक्कर किंवा घेरी, फार रक्तस्राव, गरोदर असताना किंवा पाळी चुकलेली असताना दुखणे. अशा वेळी अंगारा, दृष्ट, पोट चोळणे यांत वेळ घालवू नये. पोट चोळण्याने अपेंडिक्स फुटण्याची भीती असते, हे आम्ही त्या आईकडूनच ऐकले. तिच्या सासूबाई रात्री एरंडेल घेऊन बसल्या होत्या. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. एरवीच्या तपासणीसाठी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे सरकारी रुग्णालय, बेळगावचे बिम्स आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचे सीपीआरही दूर नाही. आशाताईंना विचारण्यात संकोच करू नये, त्यांना हे सर्व विषय परिचित आहेत.

घरी करण्याजोगे एकच काम सांगतो. प्रत्येक घरात कालनिर्णय भिंतीवर असते. त्यावर दुधाचा व गॅसच्या टाकीचा हिशेब आपण लिहितोच. त्याच चौकटीत मुलीने पाळीच्या पहिल्या दिवशी एक टिंब द्यावे आणि दुखले त्या दिवशी फुली मारावी. चार महिन्यांची पाने डॉक्टरांसमोर ठेवली की अर्धी तपासणी झाली.

शाळेपुरते बोलावयाचे तर यापुढे "पोट दुखतंय" म्हणणाऱ्या मुलीला प्रथम बाईंनी बाजूला घेऊन वरील चार प्रश्न विचारावेत आणि कार्यालयातील वहीत वेळ लिहावी, असे ठरविले आहे. सोडा बंद. दुसऱ्या व पाचव्या तासानंतर पाणी पिण्यासाठी व मोकळे होऊन येण्यासाठी पाच मिनिटांची सुट्टी या सत्रापासून सुरू होईल. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्या आम्ही शाळेच्या किरकोळ खर्चातून बसवून घेतल्या. पाण्याची स्वतंत्र टाकी व झाकणाचे डबे यांचा अंदाजपत्रकासह अर्ज विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीपुढे ठेवला आहे.